हेजहॉगच्या माइट्सवर सेलामेक्टिन: १५ मिलिग्रॅमच्या छोट्या ट्यूबचं परीक्षण

घरी पाळला जाणारा आफ्रिकन पिग्मी हेजहॉग मोठा झाला की साधारण ३०० ते ६०० ग्रॅम भरतो. माइट्सवरची, म्हणजे कातडीवरच्या सूक्ष्म परजीवी किड्यांवरची औषधं मात्र कुत्रा, मांजर, गाय, घोडा अशा किलोत मोजल्या जाणाऱ्या जनावरांसाठी तयार होतात. सगळी अडचण इथेच आहे. ही औषधं माइट्स मारतात यात वाद नाही. चारशे ग्रॅमच्या जिवाला लागेल तेवढाच थेंब त्यातून काढता येतो का, हे बघावं लागतं. म्हणून इथे प्रत्येक औषधाला एकच कसोटी लावली आहे: ते घरच्या किंवा दवाखान्याच्या साधनांनी नेमकं मोजता येतं का, आणि मोजताना हात चुकलाच तर प्राण्याचं काय होतं?

मुख्य परीक्षण सेलामेक्टिन या परजीवीनाशक औषधाच्या सगळ्यात लहान ट्यूबचं आहे. रेव्होल्यूशन किंवा स्ट्राँगहोल्ड या नावानं ती मिळते. मांजराच्या आणि कुत्र्याच्या पिल्लांसाठी असलेल्या या ट्यूबमध्ये ०.२५ मिली द्रावण आणि १५ मिग्रॅ औषध असतं, म्हणजे एका मिलीत ६० मिग्रॅ. मानेवर कातडीला लावायचा हा ठिपका हेजहॉगसाठी नोंदवलेला नाही. माहितीपत्रकात हेजहॉगचा डोस नसतो, त्यामुळे तो पशुवैद्यानेच लिहून द्यायचा असतो. प्राणी न पाहता, वजन न घेता फोनवर सांगितलेला डोस वापरू नये.

आधी माइट्स आहेत का ते बघा

पाळीव हेजहॉगवर सगळ्यात जास्त सापडणारा माइट म्हणजे कॅपॅरिनिया ट्रिपिलिस. तो कातडीत बिळं करत नाही, वरच्या थरावर राहतो. त्यामुळे काट्यांच्या बुडाशी, कानांच्या मागे, डोळ्यांभोवती आणि पोटाच्या कडेच्या केसांत पिठासारखी पांढरी पूड दिसते, आणि भिंगातून नीट पाहिलं तर त्या पुडीतले काही कण हलतात. खरजेचे नोटोएड्रिस आणि सार्कोप्टिस हे माइट्स कातडीत शिरतात. त्यांचा त्रास जाड खपल्यांच्या रूपात येतो. कानात ओटोडेक्टिस असेल तर आत काळपट मळ साचतो.

घरी करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे. काळा कागद अंथरा, प्राण्याला त्यावर उभं करा आणि मऊ दातब्रशानं काट्यांच्या दिशेनं हळूच झाडा. पडलेला कोंडा १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली दोन-तीन मिनिटं न हलवता बघा. काही सरकताना दिसलं तर निदान जवळपास झालंच. पण काही दिसलं नाही म्हणून माइट्स नाहीत असं ठरवू नका. खात्री पशुवैद्याच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पारदर्शक चिकटपट्टी कातडीला लावून घेतलेला नमुना कॅपॅरिनियासाठी बहुतेक वेळा पुरतो. कातडीत शिरणाऱ्यांसाठी पात्यानं खरवडून नमुना घ्यावा लागतो.

फसवणारी कारणं तीन आहेत. पहिलं म्हणजे पिल्लांचे काटे बदलणं. साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या वयात बारीक काटे गळून जाड काटे येतात. गळालेल्या काट्याच्या बुडाशी इवलीशी गाठ असते, कातडी स्वच्छ असते आणि जुन्याच्या जागी नवीन टोक डोकावत असतं. गाठ दिसली म्हणजे माइट्स नाहीतच, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. माइट्समुळे गळणाऱ्या काट्यालाही गाठ असू शकते. बघायचं ते बुडाला चिकटलेली खपली आणि टक्कल पडत चाललेली जागा. दुसरं कारण कोरडी कातडी. वारंवार आंघोळ, साबण, कोरडी हवा यानं कोंडा होतो, पण काटे फारसे जात नाहीत.

तिसरं कारण बुरशी, आणि इथे सावध राहायला हवं. ट्रायकोफायटन एरिनेसाय ही हेजहॉगवरची बुरशी माणसाला होते. हातावर गोल, लाल, फार खाजणारा चट्टा उठला तर स्वतः त्वचेच्या डॉक्टरकडे जा आणि घरात हेजहॉग आहे हे त्यांना आवर्जून सांगा. बुरशी आणि माइट्स एकत्रही असतात. सेलामेक्टिन बुरशीला काहीच करत नाही. दोन डोस होऊनही नाकाभोवतीच्या आणि कानांच्या कडांच्या खपल्या तशाच असतील तर तिसरा डोस देण्याआधी बुरशीचं कल्चर, म्हणजे नमुना वाढवून बघण्याची तपासणी, करून घ्यावं.

ट्यूब निवडताना

सेलामेक्टिनचा सगळ्यात मोठा धोका खोक्यावरच्या आकड्यांत आहे. ०.२५ मिलीची ट्यूब दोन प्रकारची येते. पिल्लांच्या ट्यूबमध्ये १५ मिग्रॅ औषध असतं. लहान कुत्र्यांच्या ट्यूबमध्ये तेवढ्याच ०.२५ मिलीत ३० मिग्रॅ असतं, कारण कुत्र्यांचं द्रावण १२ टक्क्यांचं आहे. आकार सारखा, द्रव तेवढाच, औषध दुप्पट. थेंब मोजून देणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही. म्हणून ट्यूब हातात घेताच मिली वाचू नका, मिग्रॅ वाचा.

मोठ्या मांजरांची ट्यूब ०.७५ मिलीची असते आणि तिच्यात ४५ मिग्रॅ औषध असतं. तीव्रता पिल्लांच्या ट्यूबइतकीच, म्हणून सिरिंजनं मोजून घेतलं तर तीही चालते. पण घाईत ती अख्खी पिळली गेली तर ४०० ग्रॅमच्या प्राण्यावर किलोमागे ११२ मिग्रॅहून जास्त औषध पडतं. लहान ट्यूब घेण्याचं एवढं एक कारण पुरेसं आहे. नावापुढे ‘प्लस’ असलेलं खोकं वेगळं असतं. त्यात सेलामेक्टिनबरोबर सॅरोलेनर हे दुसरं औषध असतं. पशुवैद्यानं ते लिहिलेलं नसेल तर परत करा.

डोसचा हिशेब असा. कुत्र्या-मांजरांसाठी किमान डोस किलोमागे ६ मिग्रॅ आहे. हेजहॉगसाठी पशुवैद्य ६ पासून २० मिग्रॅपर्यंत लिहितात. कातडीची अवस्था, वय आणि माइटचा प्रकार बघून ते ठरतं. ४०० ग्रॅमच्या प्राण्याला किलोमागे ६ मिग्रॅ म्हणजे २.४ मिग्रॅ, ६० मिग्रॅच्या द्रावणातून ०.०४ मिली. तोच डोस २० मिग्रॅ धरला तर ८ मिग्रॅ, म्हणजे ०.१३ मिली. पूर्ण ट्यूब रिकामी केली तर किलोमागे साडेसदतीस मिग्रॅ होतात. हे औषध सुरक्षिततेच्या बाबतीत उदार आहे आणि अख्खी ट्यूब पडूनही काही न झालेले प्राणी असतात. त्यावरून ‘अर्धी ट्यूब द्या’ हा सल्ला प्रमाण ठरत नाही. २५० ग्रॅमच्या पिल्लाला आणि ७०० ग्रॅमच्या नराला अर्धी ट्यूब हा एकच डोस कसा असेल?

आमच्या कसोटीवर सेलामेक्टिन वर राहतं ते याच कारणानं. ०.०४ ते ०.१३ मिली हे माप १ मिलीच्या साध्या सिरिंजवर दिसतं, आणि दोन-तीन रेघा इकडेतिकडे झाल्या तर प्राणी दगावत नाही.

मोजणं आणि लावणं

वजन त्याच संध्याकाळी घ्या, १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. वाडगं ठेवून काटा शून्यावर आणा, मग हेजहॉग ठेवा. मागच्या महिन्याचं वजन धरू नका. माइट्सनं बेजार झालेला प्राणी खाणं कमी करतो आणि वजन झपाट्यानं उतरतं.

सिरिंज १ मिलीची, ०.०१ मिलीच्या रेघांची, सुई काढता येणारी घ्या. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये एक सापळा आहे. यू-१०० सिरिंजवर एक युनिट म्हणजे ०.०१ मिली, तर यू-४० वर एक युनिट म्हणजे ०.०२५ मिली. १३ युनिट भरा असं सांगितलं आणि हातात यू-४० असेल तर अडीच पट औषध भरलं जातं. ‘युनिट’ हा शब्द या कामात वापरूच नये. चिठ्ठीवर मिली लिहून घ्या आणि मिलीच्या रेघा असलेलीच सिरिंज वापरा.

ट्यूब उभी धरून टोपण दाबलं की आतला पडदा फुटतो. द्रव कोरड्या, स्वच्छ काचेच्या लहानशा वाटीत पिळा आणि सिरिंजनं लगेच ओढून घ्या. हवेचा बुडबुडा राहिला तर टिचकी मारून बाहेर काढा. ०.०४ मिलीचा डोस असताना एक मोठा बुडबुडा अर्धा डोस खातो. द्रावणात आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं आणि ते उडून जातं. म्हणून उरलेलं औषध पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. अल्कोहोल उडालं की राहिलेलं द्रावण जास्त तीव्र होतं आणि सगळा हिशेब बिघडतो. सिरिंजमध्ये रात्रभर भरून ठेवणंही टाळा. दरवेळी नवी ट्यूब फोडायची आणि उरलेलं टाकून द्यायचं. उधळपट्टी वाटेल, पण हीच योग्य पद्धत आहे. काही पशुवैद्य दवाखान्यातच मोजून लावून देतात. शक्य असेल तर तेच करा.

जागा म्हणजे मान आणि खांद्यांच्या मधला भाग. काटे दोन बोटांनी बाजूला सारून कातडी दिसली पाहिजे. काट्यांवर पडलेलं औषध वाया जातं. गोल झालेल्या हेजहॉगवर लावायचा प्रयत्न करू नका, कारण तेव्हा पाठीची कातडी पुढे ओढलेली असते आणि मान समजून कपाळावर थेंब पडतो. तिथून तो डोळ्यात उतरतो. प्राणी जागा, चालता असताना, संध्याकाळी, सपाट टॉवेलवर मोकळा ठेवा. तो पुढे वाकून काही खात असेल तर मान आपोआप उघडी पडते. डोस ०.१ मिलीहून जास्त असेल तर दोन ठिकाणी, दोन सेंटिमीटर अंतरावर लावा, म्हणजे ओघळत नाही.

हेजहॉग नवा वास आला की तोंडात फेस आणतो आणि मान वळवून तो फेस अंगभर फासतो. सेलामेक्टिनच्या अल्कोहोलच्या वासानं हे हमखास होतं. घाबरण्यासारखं काही नाही, झटके आले असं समजून त्याला पाण्याखाली धरू नका. मात्र जिभेनं औषध चाटलं जाऊ नये यासाठी पहिली १५ मिनिटं त्याच्याजवळ बसा आणि आवडीचं खाणं समोर ठेवून लक्ष वळवा. एकापेक्षा जास्त हेजहॉग असतील तर एक दिवस त्यांना वेगळं ठेवा.

द्रावण पेट घेणारं आहे. पिंजऱ्याच्या वरच्या सिरॅमिक हीटरखाली ओल्या मानेनं प्राणी सोडू नका, ठिपका पूर्ण वाळू द्या. पण हीटर बंद करून प्राण्याला गारठूही देऊ नका. पाळीव हेजहॉगला २४ ते २७ अंश सेल्सियस लागतात. थंडी लागली तर तो सुस्त होऊन झोपेत जायला बघतो, आणि आजारी असताना ते जिवावर बेततं. आंघोळ औषधाआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस नको. हात साबणानं धुवा.

एका डोसनं का भागत नाही

कॅपॅरिनियाचं अंड्यापासून अंड्यापर्यंतचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं. औषध चालत्याफिरत्या माइट्सना मारतं, अंड्यांपर्यंत त्याचा प्रभाव पोहोचत नाही. सेलामेक्टिन कातडीतून रक्तात जातं आणि तिथून तेलग्रंथींत साठून राहतं. म्हणून अंड्यातून बाहेर पडणाऱ्यांनाही ते काही दिवस गाठतं. तरी साठा उतरत जातो. त्यामुळे डोस तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यायचा आणि एकूण बहुधा तीन डोस होतात. पहिल्यानंतर दहा दिवसांत खाज थांबते, कोंडा कमी होतो आणि माणूस थांबतो. इलाज फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दीड-दोन महिन्यांनी तेच माइट्स परत दिसले की ‘औषधाला सवय झाली’ म्हणतात. सवय झालेली नसते, दुसरा डोस राहून गेलेला असतो. पहिला डोस दिला त्याच दिवशी पुढच्या दोन तारखा पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत कोंडा वाढल्यासारखा वाटतो, मेलेले माइट्स आणि सुटलेल्या खपल्या खाली पडतात. खपल्या नखानं काढू नका. गळालेले काटे पुन्हा यायला कित्येक आठवडे जातात, आणि फार जुन्या जखमेच्या जागी काही येतही नाहीत. कातडी ओली, लाल, वास येणारी असेल तर जिवाणूंचा संसर्ग आहे. त्याला वेगळं प्रतिजैविक लागतं.

तीन वर्षांवरच्या हेजहॉगला अचानक, कोणत्याही नव्या प्राण्याचा संपर्क नसताना माइट्सचा भडका उडाला तर फक्त माइट्सवर थांबू नका. या वयात गाठींचे (ट्यूमरचे) आजार त्यांच्यात बरेच आढळतात, आणि आतून खंगलेल्या प्राण्यावर थोडेसे माइट्सही पसरतात. पशुवैद्याला पोट चाचपून बघायला आणि तोंड तपासायला सांगा.

इतर औषधं याच कसोटीवर

आयव्हरमेक्टिनबद्दल सगळ्यात जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त हेच वापरलं जातं आणि सगळ्यात जास्त चुका यातच होतात. औषध म्हणून ते थोरच आहे. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. अडचण बाटलीत आहे. इंजेक्शनचं १ टक्क्याचं द्रावण एका मिलीत १० मिग्रॅ औषध बाळगतं. ते गुरांसाठी आहे. हेजहॉगला किलोमागे ०.२ ते ०.४ मिग्रॅ दिलं जातं. ०.३ धरलं तर ४०० ग्रॅमला ०.१२ मिग्रॅ, म्हणजे ०.०१२ मिली. १ मिलीच्या सिरिंजवर ही जेमतेम एक रेघ आहे, सुईच्या बुडातच याहून जास्त द्रव अडकतो. दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि ०.१२ मिली गेलं तर दहा पट डोस झाला.

आयव्हरमेक्टिन माइटच्या मज्जातंतूंतले क्लोराइडचे मार्ग उघडे पाडून त्याला लुळं करतं. सस्तन प्राण्यांत मेंदूभोवतीचा अडथळा ते आत जाऊ देत नाही. पण डोस फार झाला की तो अडथळा अपुरा पडतो. प्राणी डुलतो, थरथरतो, लाळ गाळतो, बाहुल्या मोठ्या होतात, मग निपचित पडतो. यावर उतारा नाही. ऊब, सलाईन आणि श्वास सांभाळणं, एवढंच हाती राहतं.

म्हणून जाणकार पशुवैद्य १ टक्क्याचं द्रावण आधी दहा पट पातळ करतात, आणि तेही प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये. पाण्यात किंवा सलाईनमध्ये आयव्हरमेक्टिन नीट विरघळत नाही, आणि मग एका थेंबात जास्त, एकात कमी असं होतं. पातळ केल्यावर तोच डोस ०.१२ मिली होतो, जो डोळ्यांना दिसतो. दर १० ते १४ दिवसांनी, किमान तीनदा. पशुवैद्य पातळ करून, लेबल लावून देत असतील तर आयव्हरमेक्टिनला आमची हरकत नाही. घोड्यांची पेस्ट मात्र कधीही नको. तिच्यात १.८७ टक्के औषध असतं, आणि दाण्याएवढ्या पेस्टमध्ये ते किती आलं हे कुणालाच सांगता येणार नाही. सेलामेक्टिन आणि आयव्हरमेक्टिन एकाच घराण्यातली आहेत. एक चालू असताना दुसरं देऊ नये, बेरीज प्राण्याच्या अंगावर होते.

इमिडाक्लोप्रिड आणि मॉक्सिडेक्टिन यांचा जोड ठिपका, अ‍ॅडव्होकेट, हा सेलामेक्टिनचा खरा प्रतिस्पर्धी. कॅपॅरिनिया असलेल्या आफ्रिकन पिग्मी हेजहॉगवर त्याची चाचणी दक्षिण कोरियात झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि निकाल चांगला होता. मांजरांसाठी ठरलेलं किमान माप किलोमागे ०.१ मिली आहे. त्या हिशेबानं ४०० ग्रॅमला ०.०४ मिली. इथेही खोक्याचा सापळा आहेच: लहान मांजर आणि फेरेटची ट्यूब ०.४ मिलीची, आणि लहान कुत्र्याची ट्यूबही ०.४ मिलीचीच. पण मांजराच्या ट्यूबमध्ये मॉक्सिडेक्टिन १ टक्का असतं, कुत्र्याच्या ट्यूबमध्ये २.५ टक्के. मांजराचीच घ्या. चव कडू असल्यानं चाटलं तर लाळ गळते, ती बहुतेक वेळा आपोआप थांबते. लहान ट्यूबमध्ये हेजहॉगचे दहा डोस मावतात, म्हणजे अख्खी पिळली गेली तर चूकही दहा पट होते. याच कारणानं आम्ही ते सेलामेक्टिनच्या एक पायरी खाली ठेवतो. सेलामेक्टिननं माइट्स हटले नाहीत तर पुढचा पर्याय म्हणून योग्य आहे.

फ्लुरालेनर, म्हणजे ब्राव्हेक्टो, तोंडानं एकदाच द्यायचं. म्हणून मोह पडतो. कॅपॅरिनिया झालेल्या एका हेजहॉगवर किलोमागे १५ मिग्रॅचा एकच डोस लागू पडल्याची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. नोंद एका प्राण्याची आहे, हे ध्यानात ठेवावं. ४०० ग्रॅमला ६ मिग्रॅ लागतात आणि सगळ्यात लहान गोळी ११२.५ मिग्रॅची आहे. म्हणजे गोळीचा एकोणिसावा भाग. सुरीनं तो कापणं अशक्य आहे. गोळी पूड करून मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजून देणारा पशुवैद्य किंवा औषध बनवणारा फार्मासिस्ट हवा. फ्लुरालेनरच्या गटातल्या औषधांनी कुत्र्या-मांजरांत थरथर आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१८ साली दिला होता. आधी झटके आलेल्या हेजहॉगला हे नको. एकदा दिलं की आठवड्यानुआठवडे शरीरात राहतं, चूक परत घेता येत नाही. दर महिन्याला हात लावू न देणाऱ्या, फार चिडक्या प्राण्यासाठी ते उपयोगी पडू शकतं. पहिली निवड म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

दुकानातले ‘माइट आणि उवा’ फवारे घेऊ नका. त्यांत बहुधा पायरेथ्रिन किंवा परमेथ्रिन असतं. किती फवारलं, किती चाटलं, किती डोळ्यात गेलं याचं मापच नाही. टी ट्री तेल लहान प्राण्यांना विषारी ठरतं, आणि वासावर फेस फासणाऱ्या हेजहॉगच्या पोटात ते सरळ जातं. ऑलिव्ह तेलानं खपल्या मऊ होतात, माइट्स जात नाहीत. ओट्सच्या कोमट पाण्याची आंघोळ खाजेला आराम देते. ठिपक्याच्या तारखा सांभाळून ती जरूर द्या.

पिंजरा

औषध बरोबर आणि पिंजरा जुनाच, तर पैसे आणि प्राण्याचा त्रास दोन्ही वाया. पहिल्या डोसच्या दिवशी सगळं अंथरूण बाहेर काढा. लाकडाचा भुसा बंद पिशवीत भरून फेकून द्या. पुढचे दोन-तीन महिने फक्त पांढरा टिशू किंवा फिक्या रंगाचं फ्लीसचं कापड वापरा, म्हणजे कोंडा आणि काटे मोजता येतात. कापड ६० अंशांच्या पाण्यात धुवा, उसवलेले धागे कापा, कारण ते पायाला गुंडाळतात. लाकडी घर, फळकुटं, सच्छिद्र खेळणी टाकून द्या. भेगांत शिरलेलं काही धुऊन निघत नाही. प्लास्टिकचं चाक आणि डबे गरम साबणाच्या पाण्यानं घासून पूर्ण वाळवा. नवा भुसा आणलाच तर वापरण्याआधी ४८ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच घाला. देवदाराचा भुसा मुळीच नको. त्याची तेलं श्वासाला त्रास देतात. पिंजऱ्यात कीटकनाशक फवारू नका. आधीच औषध लावलेल्या प्राण्यावर तो दुसरा डोस होतो.

ही सफाई आठवड्यातून एकदा, शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत. घरातले सगळे हेजहॉग एकाच दिवशी औषधाला घ्यायचे, ज्यांना खाज नाही तेसुद्धा. दूध पाजणारी मादी आणि अगदी लहान पिल्लं यांना पशुवैद्यानं स्पष्ट सांगितल्याशिवाय कोणताही ठिपका नको. नवीन आणलेला प्राणी किमान चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा.

डोस देण्याआधी प्राणी कसा चालतो याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. हेजहॉगमध्ये वॉब्ली हेजहॉग सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा आजार असतो, त्यात मागचे पाय डगमगतात. औषधानंतर डुलणं दिसलं तर ते आधीपासून होतं की डोसनंतर सुरू झालं, हे पशुवैद्याला त्या व्हिडिओवरून कळतं. डोसनंतरच्या ४८ तासांत डुलणं, थरथर, लाळ किंवा उठवूनही न उठणं यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. मान कोमट पाण्यात भिजवलेल्या आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब लावलेल्या कापडानं पुसा, कोरडी करा, उबेत ठेवा आणि ट्यूबचं खोकं बरोबर घेऊन दवाखान्यात जा. किती मिली, किती वाजता आणि किती वजनावर दिलं, हे कागदावर लिहून न्या.